खोडी म्हणजे बंड नव्हे

‘प्रतिरोध’ या शब्दाला आमच्या चर्चासत्रांमध्ये जेवढी मागणी आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाला असेल. जात्यावरची ओवी हा प्रतिरोध, लोकगीतातला टोमणा हा प्रतिरोध, मागच्या बाकावर काढलेली डुलकी हासुद्धा प्रतिरोध. या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे कार्यालयात साहेबाची काढलेली खोडी. साहेबाच्या संगणकाच्या माऊसला खालून कागदाचा चिकट तुकडा लावायचा. ‘सहसंचालक कार्यालयातून बोलतोय, उद्या तपासणी आहे’ असा खोटा फोन करायचा. साहेबाच्या आवडत्या परिपत्रकाची हुबेहूब नक्कल करून तीत एखादा वेडगळ हुकूम घुसडायचा आणि ती सूचनाफलकावर डकवायची. मग दारामागे उभे राहून साहेबाची फजिती पाहायची, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर तिचे तिखटमीठ लावून वर्णन करायचे. या प्रकारांना आम्ही पूर्वी टवाळी म्हणत होतो. आता त्यांना ‘सत्तेच्या चौकटीला दिलेले आव्हान’ असे भारदस्त नाव मिळाले आहे.

या नावाला माझा आक्षेप आहे. टवाळी वाईट असते असे मला म्हणायचे नाही. उठसूट नाक खुपसणाऱ्या साहेबाची फजिती झाली की कोणाला गुदगुल्या होत नाहीत? परंतु खोडी सत्तेला आव्हान देत नाही, तर ती सत्ता सोसण्याजोगी करते, असे माझे म्हणणे आहे. ज्यांच्यापाशी उघडपणे बोलण्याची ताकद आणि नोकरीचे संरक्षण दोन्ही आहे, त्यांनी खोडीला बंड म्हणवून घेणे ही शुद्ध पळवाट आहे, असेही मी म्हणतो.

प्रथम मूळ गाऱ्हाण्याविषयी, कारण ते खोटे नाही. साहेब नुसता कडक असला तर माणसे सहन करतात. तो जेव्हा माणसाच्या कामाच्या आत शिरतो तेव्हा तो असह्य होतो. प्राध्यापक तासावर असताना दाराबाहेर उभे राहून ऐकणारे प्राचार्य आपल्याला ठाऊक आहेत. ग्रंथालयात कोण किती वेळ बसले, चहाला कोण कोणाबरोबर गेले, याची नोंद ठेवणारेही ठाऊक आहेत. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर सूचना येते आणि पावणेअकराला ‘उत्तर का नाही?’ असा प्रश्न. व्याख्यान झाले हे पुरेसे नाही. त्याचे जिओटॅग केलेले छायाचित्र हवे, अहवाल हवा, त्या अहवालाची ठरावीक नमुन्यातली दुसरी प्रत हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत आणलेली एपीआय गुणांची पद्धत २०१८ च्या नियमावलीने बदलली. पण माणसाचे काम तुकड्यातुकड्यांत मोजण्याची जी सवय या काळात अंगात भिनली ती काही गेली नाही. तिचे मूळ पुष्कळ जुने आहे. फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याचे सूत्रच असे होते की विचार व्यवस्थापकाने करायचा आणि कामगाराने सांगितलेली हालचाल करायची. कारखान्यातले ते सूत्र आता वर्गात येऊन पोचले आहे. आपल्याला कामाची समज नाही असे रोज सुचवले जाणे, हा अपमान आहे आणि तो खरा आहे.

प्रश्न आहे तो या अपमानाला दिलेल्या उत्तराचा. खोडीला प्रतिरोध ठरवणारे बहुधा जेम्स स्कॉटच्या ‘वेपन्स ऑफ द वीक’ (१९८५) या पुस्तकाचा आधार घेतात. पुस्तक मोठे आहे यात शंका नाही. मलेशियातल्या केदा प्रांतातल्या एका भातशेतीच्या गावात स्कॉट राहिला. तेथे कापणीची यंत्रे आली, गरिबांची मजुरी गेली, आणि त्या गरिबांनी उघड उठाव न करता चालढकल, खोटी आज्ञाधारकता, किरकोळ चोरी, निंदानालस्ती, यंत्रांची छुपी मोडतोड या मार्गांनी श्रीमंतांशी झगडा चालू ठेवला. दुबळ्यांची हत्यारे ती हीच. परंतु आमचे अभ्यासक या पुस्तकाचे शीर्षक वाचतात आणि त्यातला ‘दुबळा’ कोण हे विसरतात. उघड विरोध केला तर ज्याची उद्याची भाकरी जाते, तुरुंग किंवा त्याहून वाईट काही वाट्याला येते, त्याने लपून वार करणे ही त्याची निवड नसते. त्याला दुसरा रस्ता नसतो. शिवाय या हत्यारांचे उदात्तीकरण करू नये, त्यांनी फारसे काही बदलत नाही, असे खुद्द स्कॉटनेच बजावून ठेवले आहे. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्या, सेवापुस्तकात कायम म्हणून नोंद झालेल्या सहयोगी प्राध्यापकाने माऊसला कागद चिकटवून केदामधल्या भूमिहीन मजुराच्या रांगेत उभे राहावे, हे त्या मजुराची चेष्टा करण्यासारखे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा समाजशास्त्रापेक्षा साहित्यातून अधिक लवकर पटेल. नाक खुपसणाऱ्या व्यवस्थापकावर सूड म्हणून रचलेल्या खोडीचा इंग्रजी साहित्यातला सर्वांत प्रसिद्ध नमुना शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये आहे. मॅल्व्होलिओ हा ऑलिव्हियाच्या घरचा कारभारी. मध्यरात्रीची गाणी बंद करायला तो येतो, विदूषकाचा मालकिणीसमोर पाणउतारा करतो, अस्वलाच्या खेळावरून फेबियनची चुगली करतो. थोडक्यात, आजच्या भाषेत ज्याला मायक्रोमॅनेजमेंट म्हणतात त्याचा तो पुतळाच आहे. मारिया मालकिणीच्या हस्ताक्षराची नक्कल करून एक पत्र टाकते. मालकीण आपल्यावर भाळली आहे असे समजून मॅल्व्होलिओ पिवळे मोजे घालून हसत हसत तिच्यापुढे जातो. त्याला वेडा ठरवून अंधारकोठडीत टाकले जाते. १६०२ च्या फेब्रुवारीत लंडनच्या मिडल टेंपलमध्ये हे नाटक झाले तेव्हा जॉन मॅनिंगहॅम नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने आपल्या रोजनिशीत कारभाऱ्याच्या या फजितीचीच खास वाखाणणी केली. पुढे राजा पहिला चार्ल्स याने तर आपल्या प्रतीत नाटकाच्या नावाशेजारी ‘मॅल्व्होलिओ’ असे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले.

राजाला ही खोडी आवडावी यातच सारे आले. कारण मॅल्व्होलिओ हा मालक नाही, तोही नोकरच आहे. त्याची फजिती झाल्याने ऑलिव्हियाच्या घरातली एक वीटही हलत नाही. आणि खोडी काढणारे कोण? त्यांचा म्होरक्या सर टोबी हा मालकिणीचा काका, बिरुदधारी सरदार, फुकटचा खाऊपिऊ. त्याला मध्यरात्री दारू पिण्याचा वंशपरंपरागत हक्क वाटतो आणि कारभाऱ्याने तो हिरावला याचा राग आहे. खेळ अंगाशी येईल अशी चिन्हे दिसताच, भाचीची मर्जी उतरली आहे तेव्हा हे प्रकरण कसेतरी मिटवा, असे म्हणणाराही तोच. शेवटी मारियाला टोबीशी लग्नाचे बक्षीस मिळते, मालकिणीची सहानुभूती मॅल्व्होलिओकडे वळते, आणि तो सर्वांवर सूड उगवण्याची भाषा करून निघून जातो. ‘ट्वेल्फ्थ नाइट’ वर्गात शिकवताना आपण या कथानकाला विनोदी उपकथानक म्हणून मोकळे होतो. सत्तेच्या दृष्टीने ते वाचले तर निष्कर्ष फारसा आनंदाचा नाही. खोडी मधल्या माणसाला लागते, मूळ मालक सुरक्षित राहतो, आणि ती काढण्याची चैन ज्याला घरातून कोणी काढू शकत नाही त्यालाच परवडते.

आपल्या परंपरेतही हेच दिसते. गवळणींमधल्या ज्या खोड्यांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या लुब्ध आहोत, त्या काढणारा कृष्ण नंदाच्या घरचा मुलगा आहे. घागर फुटते ती बाजाराला निघालेल्या गवळणीची. मथुरेच्या राजाचे त्या खोडीने काही बिघडत नाही. भक्तीच्या अंगाने त्या लीलेचा अर्थ निराळा आहे आणि तो मला मान्य आहे. पण कार्यालयातल्या टवाळीला लीलेची प्रतिष्ठा देऊ पाहणाऱ्यांनी घागर कोणाची फुटते एवढे पाहावे.

खोडीची दिशा कोणती असते, हे गोगोलने ‘द ओव्हरकोट’ (१८४२) या कथेत जितके स्पष्ट दाखवले तितके दुसऱ्या कोणी क्वचितच दाखवले असेल. ही जगातली बहुधा सर्वांत थोर कारकुनी कथा. तिच्यातही कार्यालयीन खोड्या आहेत. पण त्या कोणाच्या? तरुण कारकून साहेबाची टर उडवत नाहीत. ते अकाकी अकाकीविचच्या डोक्यावर कागदाचे कपटे उधळतात आणि बर्फ पडतोय म्हणून हसतात. सगळ्यांत गरीब, सगळ्यांत निरुपद्रवी सहकाऱ्यावर त्यांचा पुरुषार्थ चालतो. साहेबावर सूड उगवण्यासाठी अकाकीला आधी मरावे लागते. त्याचे भूत ‘महत्त्वाच्या व्यक्ती’चा कोट काढून घेते, तेव्हा कोठे त्या व्यक्तीचे हाताखालच्यांवर डाफरणे थोडे कमी होते. कार्यालयात पाणी वरून खाली वाहते तशी चेष्टाही खालीच वाहते. साहेबाच्या खोडीची जी गोष्ट आपण रंगवून सांगतो, तिच्यामागे नव्याने लागलेल्या पोराच्या, तोतऱ्या हेडक्लार्कच्या, खेड्यातून आलेल्या शिपायाच्या शंभर खोड्या असतात. त्यांना प्रतिरोध कोणी म्हणत नाही, म्हणून त्या चर्चासत्रात येत नाहीत.

आणि खोडी वर गेली तरी तिचा भार खालीच उतरतो. मला माहीत असलेल्या एका महाविद्यालयात दिवसातून तीनदा बोटाचा ठसा देऊन हजेरी लावण्याचा हुकूम निघाला. हुकूम अपमानास्पद होता यात वाद नाही. एके सकाळी ठसा घेणाऱ्या यंत्राच्या काचेवर कोणीतरी गोंद ओतून ठेवला. आठवडाभर हजेरी बंद, प्राचार्यांची धावपळ, स्टाफरूममध्ये उत्सव. पंधरा दिवसांनी स्टाफरूममध्ये कॅमेरा बसला. कार्यालय सकाळी उघडणारा शिपाई कंत्राटदारामार्फत आलेला होता. त्याला पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आले. कोणी काही बोलले नाही, कारण बोलायचे तर गोंद कोणाचा हेही सांगावे लागले असते. गोंदाची गोष्ट मात्र त्या स्टाफरूममध्ये पुढे कित्येक वर्षे सांगितली जात होती. तिच्यात शिपाई नसे.

निनावी कृत्याचा हा अटळ परिणाम आहे. ज्या कृत्याला कर्ता नाही त्याची शिक्षा सर्वांत असुरक्षित माणसाकडे जाते. महाविद्यालयांत हा असुरक्षित माणूस आज कोण आहे हे आपण जाणतो. तासिका तत्त्वावर काम करणारे, तासागणिक मानधन घेणारे, सुटीत बिनपगारी असणारे आणि दर जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला उभे राहणारे आपले सहकारी. ते खोड्या काढत नाहीत. त्यांना हसण्याचीही चोरी असते. आमच्या खोडीनंतर वाढलेल्या पहाऱ्याचा काच मात्र सर्वांत आधी त्यांच्या मानेला बसतो. ते गप्प राहिले तर मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. तो शब्द मी गोंद ओतणाऱ्यांसाठी राखून ठेवतो.

येथे मराठी साहित्याचीही झाडाझडती घ्यायला हवी. कारकून हा आपल्या विनोदी वाङ्मयाचा लाडका नायक. चिं. वि. जोशींचे चिमणराव काय किंवा पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’मधले धोंडोपंत काय, या माणसांनी मराठी मध्यमवर्गाला स्वतःकडे पाहून हसायला शिकवले, ही फार मोठी देणगी आहे. पण त्या हसण्याचा शेवट बहुधा जुळवून घेण्यात होतो. साहेब हा हवामानासारखा गृहीत धरायचा. छत्री उलटली की हसायचे, दुसरी घ्यायची. विनोदी वाङ्मयातून बाहेर पडून नेमाड्यांच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्यांकडे आले की चांगदेव पाटील भेटतो. महाविद्यालयीन व्यवस्थेची सडकी बाजू त्याच्याइतकी आधी कोणी उघडी केली नव्हती. पण चांगदेवाचा मार्ग एक महाविद्यालय सोडून दुसऱ्याकडे जाण्याचा. हसणे किंवा निघून जाणे, या दोन वाटा आपल्या साहित्याने ठळक केल्या. तिसरी वाट, म्हणजे आहे तेथेच उभे राहून, इतरांना बरोबर घेऊन, नाव सांगून भांडणे, ती भाऊ पाध्यांच्या ‘डोंबाऱ्याचा खेळ’सारख्या कादंबरीत कामगार संघटनेच्या जगातून डोकावते; पण ती कादंबरी आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच दिसते. वास्तविक महाराष्ट्रातला कारकून १९७७ मध्ये चोपन्न दिवस संपावर होता. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर कामावर गेले नाहीत. या संपांचे यशापयश काय ते असो. पण त्या माणसांची नावे हजेरीपटावर गैरहजर म्हणून लागली होती. त्या गैरहजेरीवर आपल्याकडे किती कथा आहेत?

यावर एक उत्तर येते आणि ते विचारात घेण्यासारखे आहे. खोडीने व्यवस्था बदलत नसेल, पण ती माणसांना एकत्र आणते. एकत्र हसलेली माणसे उद्या एकत्र लढतील. हे घडू शकते, पण आपोआप घडत नाही. १९८० चा ‘नाइन टू फाइव्ह’ हा अमेरिकी चित्रपट आठवून पाहा. तीन कर्मचारी स्त्रिया आपल्या लंपट, श्रेय लाटणाऱ्या साहेबाला त्याच्याच घरात डांबून ठेवतात आणि त्या काळात त्याच्या नावाने कार्यालय सुधारतात: सोयीच्या वेळा, पाळणाघर, समान वेतन. वरचा अध्यक्ष येतो, खूष होतो, श्रेय साहेबालाच देतो आणि समान वेतन तेवढे रद्द करा म्हणून सांगतो. प्रेक्षक हसतात. या चित्रपटामागची हकिकत मात्र विसरली जाते. १९७३ मध्ये बॉस्टनमधल्या कार्यालयीन स्त्रियांनी याच नावाची संघटना काढली होती. पगार, बढती आणि अपमान यांविषयी त्या उघडपणे बोलत होत्या, आणि जेन फोंडाला या चित्रपटाची प्रेरणा त्यांच्या कामातून मिळाली. आधी संघटना आली, विनोद मागून आला; म्हणून त्या विनोदाला धार आहे. आमच्याकडे संघटनेच्या सभेला गणसंख्या भरत नाही आणि खोडीच्या गोष्टीला स्टाफरूम अपुरी पडते.

दुसरे उत्तर अधिक चतुर आहे. साहेबाची खोडी म्हणजे कामात अडथळा, आणि अडथळा हे युद्धाचे जुने तंत्र. याचाही पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी गुप्तचर खात्याने १९४४ मध्ये व्याप्त प्रदेशांतल्या सामान्य नागरिकांसाठी घातपाताची एक पुस्तिका तयार केली. कार्यालयात बसून शत्रूचे काम कसे बिघडवावे हे तिच्यात सांगितले आहे. प्रत्येक गोष्ट ठरलेल्या मार्गानेच पाठवा. सगळे विषय समितीकडे सोपवा. ठरावाच्या शब्दाशब्दावर वाद घाला. एकाच्या मंजुरीने भागेल तेथे तिघांची घ्या. तातडीचे काम असेल तेव्हा बैठक बोलवा. ही यादी आज वाचणाऱ्याला घातपाताची वाटणारच नाही. ती त्याला आपल्या साहेबाची दिनचर्या वाटेल. कामाचा विध्वंस साहेब स्वतःच, पगार घेऊन, प्रामाणिकपणे करतो आहे. तेथे आणखी गोंद ओतून आपण त्याच्या कार्यात भर घालतो. या विध्वंसाविरुद्ध उभे राहायचे असेल तर काम नीट होऊ द्या, अशी मागणी आपल्याला करावी लागेल, आणि ती मागणी लपून करता येत नाही.

मग हसायचेच नाही का? अवश्य हसावे. पण कसे हसावे याचा धडा आपल्याच मातीत आहे. तमाशाच्या वगातला सोंगाड्या राजाची टर उडवतो ती राजाच्या तोंडावर, दिव्याच्या उजेडात, हजार माणसांसमोर. राजाला कळते, लोकांना कळते, आणि बोलणारा कोण हेही सर्वांना कळते. त्या हसण्यात धोका आहे म्हणून त्याला किंमत आहे. प्राचार्यांनी बोलावलेल्या बैठकीत उभे राहून, ‘सर, या तीन हजेऱ्यांमधून कोणाचे मराठी सुधारले?’ एवढे हसतमुखाने विचारणारा एक प्राध्यापक गोंदाच्या दहा बाटल्यांना भारी आहे. वाटल्यास हुकूम अक्षरशः पाळावा: रात्री साडेदहाच्या सूचनेला लेखी आदेश मागावा, आवक क्रमांक मागावा, आणि या कामामुळे कोणता तास बुडाला ते खाली नोंदवावे. ही मस्करी आहे, पण तिच्याखाली नाव आहे.

साधने तर हाताशी आहेतच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये तक्रार निवारण समितीची आणि न्यायाधिकरणाची तरतूद आहे. २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. कॅमेरे कोणाच्या ठरावाने बसले, हजेरीचा आदेश कोणत्या नियमाखाली निघाला, हे दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. प्राध्यापकांच्या संघटना आहेत, त्यांची वर्गणीही आपण भरतो. हे सारे मार्ग संथ, कंटाळवाणे आणि मनस्तापाचे आहेत हे मला मान्य. त्यांत सर टोबीची मजा नाही. पण त्या प्रत्येकात अर्जदाराचे नाव आणि पत्ता लिहावा लागतो, आणि नेमके तेवढेच आपण टाळत आलो आहोत. ज्यांची नोकरी कायम आहे त्यांनी हे नाव लिहिले पाहिजे. स्वतःसाठी लिहायचे नसेल तर तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यासाठी आणि त्या शिपायासाठी लिहावे, कारण त्या दोघांना ते लिहिता येत नाही.